तो धडा तुम्ही घरी वाचा

(१९७६ च्या दहावीच्या बॅचच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, रविवार दि. २५ जानेवारी २०२६ रोजी कुरुंदवाड येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे. उद्या प्रजासत्ताक दिन, म्हणून ‘आपली लोकशाही’. मी महसूल खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली, एवढ्याच भांडवलावर मला हा विषय मिळाला असावा. सकाळी चहाच्या वेळी दोघातिघांनी बजावलंही, “गड्या, राजकारण आणू नको. जेवायच्या आधी भांडणं नकोत.” मी शब्द दिलाय. आजच्या कुठल्याही पक्षाचं नाव माझ्या तोंडून येणार नाही. मी आपल्या वर्गाची गोष्ट सांगणार आहे. त्यातला एक भाग गेली पन्नास वर्षं मी कुणाला सांगितलेला नाही.

आपण दहावीत गेलो तो जून १९७५ चा. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ती दाखवली गेली दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सही झाल्यावर. त्या रात्री दिल्लीत अनेक वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली होती. आपल्याला यातलं काही कळलं नाही. घरात रेडिओवर बातम्या लागल्या, मोठी माणसं जरा हळू आवाजात बोलायला लागली, एवढंच मला आठवतं. आपल्याला काळजी होती ती गणिताची आणि नव्या वह्यांची.

जुलैत नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्या सरांनी मूलभूत हक्कांचा धडा काढला. त्यांचं नाव मी घेत नाही, ते आज आपल्यात नाहीत. पण तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ते आले असतील. पांढरा सदरा, कोपराला शाई लागलेली, आणि खडू मोडून अर्धा खिशात ठेवायची सवय. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क त्यांनी फळ्यावर लिहिला. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “हा हक्क पुस्तकात आहे. पण सध्या तो मागायला कोर्टात जाता येत नाही. पोलिसांनी कुणाला नेलं, तर का नेलं हे विचारायची सोय नाही.” वर्ग गप्प होता. आपल्याला फारसं कळलं नव्हतं, पण सरांचा आवाज वेगळा लागला होता.

चार-पाच दिवसांनी कुणी दोन माणसं शाळेत आली, सरांशी बोलून गेली. पुढच्या तासाला सर आले, पुस्तक उघडलं आणि म्हणाले, “तो धडा तुम्ही घरी वाचा. आपण पुढचा घेऊ.”

आठवतं का? कुणीतरी आत्ता मान हलवली. आपण कुणीही हात वर केला नाही. सर, का, असं कुणी विचारलं नाही. परीक्षेला मात्र मूलभूत हक्कांवर टीप आली आणि आपण सगळ्यांनी ती घडाघडा लिहिली.

आता तो न सांगितलेला भाग. सर वर्गात बोलले त्याच संध्याकाळी मी केस कापायला दुकानात बसलो होतो. बाकावर सहा-सात मोठी माणसं. आपल्यालाही काही कळतं हे दाखवायची त्या वयात हौस असते. मी मोठ्यानं सांगितलं, “आमचे सर म्हणतात, आता पोलिसांनी धरलं तर कोर्टसुद्धा सोडवत नाही.” दोघं हसले. एकानं विचारलं, “कोणते सर रे?” मी नाव सांगितलं. ते कुणी पुढं नेलं, कसं नेलं, मला माहीत नाही. पण सुरुवात माझ्या तोंडून झाली.

मित्रांनो, लोकशाही घसरते कशी, हा विषय मी पुस्तकातून मांडू शकलो असतो. पण मला तो त्या बाकापासूनच कळायला लागला. तिथून देशात काय चाललं होतं ते पाहू.

आपण नदीकाठची माणसं. पूर कसा येतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लाट येऊन गाव बुडत नाही. पावसाळ्यात सकाळी उठून माणूस घाटावर जातो आणि विचारतो, “आज किती पायऱ्या राहिल्या?” काल बारा होत्या, आज नऊ. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या की पाण्याला वाट मिळत नाही. २००५ ला, २०१९ ला आणि २०२१ ला आपण ते भोगलं. प्रत्येक वेळी पाणी पायरी-पायरीनं चढलं, आणि प्रत्येक पायरीला कुणीतरी म्हणत होतं, “इथवर येतंच की दरवर्षी.”

१९७५ ला तसंच झालं, आणि गंमत म्हणजे प्रत्येक पायरी कायद्याचीच होती. घटनेच्या ३५२ व्या कलमात ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण होतं. त्याच आधारावर आणीबाणी आली. विनाचौकशी अटकेचा ‘मिसा’ कायदा १९७१ चा, म्हणजे आधीपासून हाताशी होता. त्यात दुरुस्ती झाली आणि अटकेचं कारण सांगायची गरज उरली नाही. २७ जूनला राष्ट्रपतींच्या आदेशानं समतेचा, जीविताचा आणि अटकेपासून संरक्षणाचा हक्क मागण्यासाठी न्यायालयात जाणं बंद झालं. सरांनी वर्गात सांगितलं ते हेच. ऑगस्टमध्ये ३८ वी घटनादुरुस्ती आली, आणीबाणीच्या घोषणेला न्यायालयात आव्हान देता येऊ नये म्हणून. पाठोपाठ ३९ वी, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्यासाठी. लोकसभेची मुदत वाढली. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं ती पाचाची सहा वर्षं झाली. संसद भरत होती, हात वर होत होते, राजपत्र छापून येत होतं. रणगाडा कुठं दिसला नाही. बाहेरून सगळं नेहमीसारखं होतं, आणि आत एक लाखाहून जास्त माणसं तुरुंगात होती.

त्यात फक्त विरोधक होते असंही नाही. सत्तेतल्याच पक्षाचे मोहन धारिया आणि चंद्रशेखर यांनाही आत टाकलं. मृणाल गोऱ्यांना आधी भूमिगत व्हावं लागलं, मग अटक झाली. समाजवादी, संघवाले, मार्क्सवादी, जमातवाले अशी बाहेर एकमेकांशी न बोलणारी माणसं तुरुंगात एकत्र आली.

आणि लोकांना हे सगळं वाईट वाटत होतं असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आमच्या घरी कौतुकच होतं. गाड्या वेळेवर धावतात, साहेब खुर्चीत सापडतात, साठेबाज धरले जातात, शाळा-कॉलेजात संप नाहीत. देशात गोंधळ होता, महागाई होती, आंदोलनं होती, तेही खोटं नव्हतं. पवनारहून विनोबांचा ‘अनुशासन पर्व’ हा शब्द आला आणि भिंतीभिंतींवर गेला. शिस्त कुणाला नको असते?

आपल्या शेजारच्या वाडीला नदीचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं, तेव्हा आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणून स्नानाला जातो. ती श्रद्धा आहे, मीही जातो. पण नदीकाठचा माणूस स्नान करून घरी आला की धान्याची पोती माळ्यावर चढवतो. सोहळा आणि सावधपणा दोन्ही त्याला जमतं. १९७५ ला आपण नुसता सोहळा केला, पोती खालीच राहिली.

पाणी घरात आलं तेव्हा ते गरिबाच्या घरात आधी आलं. १९७५-७६ साली देशात सुमारे २६ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या; पुढच्या एका वर्षात ८१ लाख. अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांना, शिक्षकांनासुद्धा कोटा ठरवून दिला होता. आपल्या राज्याच्या विधिमंडळानं तर १९७६ ला तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. ज्यांना पकडून नेलं त्यांना विचारायला ना वर्तमानपत्र होतं, ना कोर्ट. पहिल्या पायरीला ‘मला काय त्याचं’ म्हणणाऱ्याच्याच दारात चौथ्या पायरीला पाणी येतं.

मार्च १९७६ ला आपण दहावीची परीक्षा दिली. निकालाची वाट बघत होतो, तेव्हा २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं की अटक बेकायदा असेल तर आणीबाणीतही आम्ही पाहू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी ते फिरवलं. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारलं होतं की एखाद्या पोलिसानं बेकायदा कुणाचा जीव घेतला तरी काही उपाय नाही का? महान्यायवादी नीरेन डे यांनी सांगितलं, सध्या नाही. विरोधी मत देणारे एकटे खन्नाच. पुढे जानेवारी १९७७ ला त्यांची सेवाज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं. त्यांनी राजीनामा दिला.

बहुमतातल्या चौघांत न्या. य. वि. चंद्रचूड होते, मराठी माणूस, मोठे विद्वान. २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं तो जुना निकाल चूक ठरवला, तेव्हा तसं लिहिणारे न्यायाधीश होते त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. चौघांतले न्या. भगवती यांनी २०११ ला आपली चूक झाली, हे स्वतः कबूल केलं. तेव्हा त्यांचं वय नव्वदीला टेकलं होतं. ते वाचलं आणि मला वाटलं, एवढा मोठा माणूस एवढ्या वर्षांनी बोलू शकतो, तर मग मी का नाही?

पण त्या काळात सगळेच गप्प होते असं समजू नका. फार लांब जायला नको. १९७४ च्या डिसेंबरला इचलकरंजीला साहित्य संमेलन झालं होतं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष. आपल्यातले काही जण वडिलांबरोबर गेले होते. त्याच्या पुढच्या वर्षीचं संमेलन, डिसेंबर १९७५ चं, कऱ्हाडला. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्राचे परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत आजारी होते. सरकारचा मंत्री समोर असताना दुर्गाबाईंनी भर मांडवात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लोकांना सांगितलं, आणि लोक उभे राहिले. लोकसाहित्य आणि पुराणकथांचा अभ्यास करणारी, ग्रंथालयात रमणारी बाई. पुढच्या वर्षी त्यांना मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातूनच पकडून नेलं.

साने गुरुजींच्या ‘साधना’नं यदुनाथ थत्त्यांच्या संपादकत्वाखाली लिहायचं थांबवलं नाही आणि सरकारी कारवाई अंगावर घेतली. मिनू मसानींचं ‘फ्रीडम फर्स्ट’ हे लहानसं मासिक. त्यातला मजकूर सेन्सॉरनं अडवला म्हणून ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९७६ ला न्या. मादन आणि न्या. कानिया यांच्या खंडपीठानं सांगितलं की सेन्सॉरचं काम सरकारवरची टीका पुसून टाकणं हे नाही. आणीबाणी चालू असताना दिलेला हा निकाल आहे.

या माणसांकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. दुर्गाबाई संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, त्या अध्यक्षाच्या जागेवरून बोलल्या. थत्ते संपादक होते, त्यांनी अंक काढला. मादन, कानिया, खन्ना न्यायाधीश होते, त्यांनी निकाल लिहिला. ज्याचं जे रोजचं काम होतं, ते त्यांनी नीट केलं. नेमकं तेच त्या वेळी अवघड होऊन बसलं होतं.

आणि शेवटी सामान्य माणूस. १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली, मार्चमध्ये मतदान. लोक घरात कुजबुजत होते ते मतपेटीत बोलले. पंतप्रधान स्वतः रायबरेलीत हरल्या. आपल्या महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या. २१ मार्चला आणीबाणी उठली. हेही सांगितलं पाहिजे की निवडणूक त्यांनीच जाहीर केली आणि हरल्यावर त्या पायउतार झाल्या. सगळीकडे असं होत नाही. जर्मनीत हिटलर ३० जानेवारी १९३३ ला रीतसर चॅन्सेलर झाला. २३ मार्चला संसदेनं मतदान करूनच सगळे अधिकार त्याच्या हाती दिले. कम्युनिस्ट सभासदांना आधीच आत टाकलं होतं किंवा पळवून लावलं होतं. उरलेल्यांत ४४४ जणांनी बाजूनं मत दिलं, ९४ जणांनी बाहेर गुंड उभे असताना विरुद्ध. तिथं परतीची पायरी राहिली नाही.

आणि अगदी परवाचं उदाहरण दक्षिण कोरियाचं. ३ डिसेंबर २०२४ ला रात्री साडेदहाच्या सुमारास तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा लावला. लोक थंडीत संसदेबाहेर जमा झाले. काही खासदार कुंपणावरून उड्या टाकून आत गेले. कर्मचाऱ्यांनी खुर्च्या-टेबलं दाराशी रचून सैनिकांना थोपवलं. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास १९० खासदारांनी एकमतानं तो कायदा नाकारला आणि पहाटेपर्यंत तो मागे घ्यावा लागला. पाणी पहिल्याच पायरीला अडवलं.

आता सरांकडे परत येतो. निवृत्त झाल्यावर सर रोज संध्याकाळी फिरायला घाटावर यायचे. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो आणि केस कापायच्या दुकानातली गोष्ट सांगून टाकली. हात जोडले. सर बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अरे, तुझ्याच तोंडून गेलं असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. पोरगं बोलणारच. त्याचं मला काही नाही. ती दोन माणसं आली, त्यांनी एवढंच विचारलं, ‘काय शिकवता गुरुजी?’ धडा गाळा असं ते म्हणालेच नव्हते. कुणीच म्हणालं नव्हतं. तो मी गाळला. पुस्तकात छापलेला सरकारमान्य धडा होता रे तो. मी नुसता वाचून दाखवला असता तरी चाललं असतं.”

मला आजवर कुठल्या पुस्तकात इतकं स्पष्ट वाचायला मिळालेलं नाही. हुकूम यायच्या आधीच आपण वाकतो. हुकूमशहाला जेवढं मागायचं धैर्य होत नाही, तेवढं आपण आधीच देऊन ठेवतो. शिक्षक धडा गाळतो, संपादक बातमी गाळतो, कारकून नोंद गाळतो, आणि वर्गातली पोरं प्रश्न गाळतात. मग वरच्याला फारसं काही करावं लागत नाही.

पुढे नोकरीत एकदा वरिष्ठांनी मला तोंडी सांगितलं, अमक्याचा अर्ज दाखल करून घेऊ नको. कार्यालय कुठलं ते विचारू नका. मला घाटावरचे सर आठवले. मी म्हणालो, “साहेब, लेखी द्या.” साहेब माझ्याकडे बघत राहिले. लेखी काही आलं नाही. अर्ज दाखल झाला. चार महिन्यांनी माझी बदली झाली, तीही सोसली. ‘लेखी द्या’ हे दोन शब्द किती जड आहेत, ते मला तेव्हा कळलं. १९७८ ला ४४ वी घटनादुरुस्ती झाली, तिच्यातही हीच गोष्ट आहे. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हा सैल शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ घातला. आणि जीविताचा हक्क आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. सरांचा गाळलेला धडा देशानं परत पुस्तकात घातला, तो असा.

आता आपण काय करायचं? आपण सगळे पासष्टीच्या पुढचे. कुंपणावरून उड्या मारायचं वय गेलं, गुडघे ऐकणार नाहीत. पण आपल्या हातात काही गोष्टी आहेत.

एक. आपल्यातले निम्मे जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे, बँकेचे, कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक सभेत विषय वाचायच्या आत मागून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, आणि आपण अहवालाची पिशवी घेऊन घरी येतो. पुढच्या सभेला अहवाल आधी वाचून एक प्रश्न लेखी द्या. एकच. जो माणूस स्वतःच्या सोसायटीत प्रश्न विचारत नाही, तो दिल्लीला काय विचारणार?

दोन. निवडणुकीत मी अनेकदा केंद्राध्यक्ष होतो. सकाळी अभिरूप मतदानाला पक्षांचे प्रतिनिधी उशिरा येतात, संध्याकाळी लवकर जातात. किती मतं पडली याचा हिशेब ‘१७-सी’ नमुन्यात असतो. त्याची सही केलेली प्रत हजर प्रतिनिधीला द्यायची असते. ती घ्यायला अनेकदा कुणी थांबत नाही. नंतर निकालावर शंका घ्यायची आणि हक्काचा कागद घ्यायचा नाही, हे बरोबर नाही. तुमचा पक्ष कोणताही असो, एक दिवस बसा आणि तो कागद घेऊन या.

तीन. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे, आपल्या राज्यात त्याच्याही आधीपासून. दहा रुपये आणि तीस दिवस. भांडणासाठी वापरू नका, रस्त्याच्या आणि शाळेच्या हिशेबासाठी वापरा.

चार. मोबाइलवरच्या आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेल्या वर्षी दोन मित्रांचं वाजलं आणि एकानं ग्रुप सोडला. तो आज इथं आलाय, बरं वाटलं. आपल्या गावात मशिदीत गणपती बसतो. ती रीत कुणा सरकारनं घालून दिलेली नाही. शेजाऱ्यांनी केली, शेजाऱ्यांनी टिकवली. ज्या गावाला हे जमतं, त्याला एकमेकांचं विरोधी मत ऐकून घेणं जमणार नाही? लोकांना एकमेकांची भीती वाटायला लागली की त्यांना एक कणखर माणूस हवासा वाटतो. तेवढी एक भीती कमी केली तरी पुष्कळ झालं.

पाच. नातवंडांना हे सांगा. आपले आजोबा-पणजोबा पटवर्धनांच्या संस्थानची रयत होते. थोरली पाती, धाकटी पाती. १९४८ ला ती विलीन झाली. त्यानंतर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत माझ्या आजीनं मत दिलं, तेव्हा राजघराण्यातल्या माणसाच्या मताची आणि तिच्या मताची किंमत एक झाली. ज्या घटनेनं ते केलं, ती बनवणाऱ्या घटना समितीत आपल्या शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे रत्नाप्पाण्णा कुंभार होते. रयतेचा नागरिक व्हायला पिढ्या गेल्या. नागरिकाची रयत व्हायला एक पावसाळा पुरतो.

माझी वेळ संपली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. एवढंच करतो आणि बसतो. आपल्या वर्गाचा एक तास पन्नास वर्षं बाकी आहे. येताना मी राज्यघटनेची मराठी प्रत आणली आहे. आपण सगळ्यांनी मिळून शाळेच्या ग्रंथालयाला ती सरांच्या स्मरणार्थ द्यावी, अशी माझी विनंती आहे. आणि उद्या झेंडावंदनानंतर, मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर, मला दहावीच्या मुलांना मूलभूत हक्कांचा तो धडा मोठ्यानं वाचून दाखवायचा आहे. नुसता वाचायचा. तुमच्यापैकी ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा आणि मागच्या बाकावर बसा. या वेळी कुणी हात वर केला तर उत्तर द्यायला मी तयार आहे.